दिलेले तेवढे राहिले



१९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागे. जपानात १९८९ साली निघालेली ती चित्रमालिका. हिंदीत शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा! ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीवर आळीतली सारी पोरे.

मोठेपणी आम्ही तिचे ५२ भाग हौसेने एका हार्डडिस्कवर जमविले. कुणी मागितले की आमचा हात आखडे. एके दिवशी ती हार्डडिस्कच बंद पडली, संग्रह गेला. चार भाग एका बालमित्राने पूर्वी हट्टाने नेले होते. तेवढेच परत आले.

पोथी टिकावी म्हणून आपले पूर्वज तिच्या नकला करून ठेवीत. आम्ही पेटीला कुलूप लावून बसलो. तेव्हा श्रोतेहो, आवडत्या ठेव्याची एक प्रत शेजाऱ्याकडेही असू द्या.