जुनी पिकअप घेताना आधी इंजिन पाहा



बी-बियाणे, फवारणी सोडून हा कृषी अधिकारी आज गाडीच्या इंजिनावर काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. पण पिंपळगाव राजाच्या आसपास गावोगाव फिरताना तूर-सोयाबीनच्या भावाइतकाच हाही प्रश्न मला विचारला जातो. "साहेब, आठ-दहा वर्षांची जुनी पिकअप मिळून राहिली, घेऊ काय?" प्रश्न रास्त आहे. गाडी दारात असली की माल खामगावला न्यायचा, नांदुऱ्याला की मलकापूरला, हे आपले आपण ठरवतो. पण तीच गाडी ऐन कापूस वेचणीत बसली तर कर्जाचा हप्ता एकीकडे, मिस्त्रीचे बिल दुसरीकडे आणि माल घरात. एका इंजिनाच्या कामात हंगामाचा नफा जातो, हे आपल्यापैकी काहींनी सोसलेले आहे. म्हणून आज जुन्या पिकअपच्या चार सिलिंडरी डिझेल इंजिनाविषयी बोलू.

विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन आपल्यापैकी पुष्कळांनी हँडल मारून चालू केले असेल. त्यात सिलिंडर एकच. पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली सरकला की एकदा जोर मिळतो, म्हणजे दोन फेऱ्यांत एक धक्का. म्हणून त्याला ते जड चाक आणि म्हणून ती ठकठक. चार सिलिंडरच्या इंजिनात हेच काम चौघे आळीपाळीने करतात, त्यामुळे दर अर्ध्या फेरीला एक धक्का मिळतो. ओझे वाटले जाते, हादरा कमी बसतो. आपल्याकडच्या जुन्या बाजारात दिसणाऱ्या महिंद्रा बोलेरो पिकअपचे इंजिन अडीच लिटरचे आणि टाटा 207 डीआयचे जवळजवळ तीन लिटरचे, दोन्ही चार सिलिंडरची. 2005 साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, दोन सिलिंडरचा. अशोक लेलँडच्या दोस्तला तीन.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाच-सहा क्विंटल भाजीपाला किंवा दुधाचे कॅन एवढेच काम असेल, तर शेजाऱ्याने मोठी घेतली म्हणून आपण मोठी घेऊ नये. चार सिलिंडर म्हणजे दुरुस्तीच्या वेळी पिस्टन चार, लायनर चार, इंजेक्टरही चार. बारा-पंधरा क्विंटल धान्य घाट चढवून न्यायचे असेल, तरच त्या इंजिनाचे पैसे वसूल होतात.

आता हे इंजिन किती टिकते? नीट ठेवलेले इंजिन हेड न उघडता दोन लाख किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि तेच इंजिन हयगय केली तर पन्नास हजारांतही बसते. गाडीच्या वयापेक्षा पहिल्या मालकाची सवय महत्त्वाची. इंजिन मारणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन: उष्णता, धूळ आणि ऑईलची उपासमार.

उष्णतेचे पाहा. चारही सिलिंडरवर एकच लांब हेड बसवलेले असते. पाणी कमी झाले, इंजिन तापले, की हे लांब हेड वाकते आणि खालचे गॅस्केट जळते. पहिला मालक उन्हाळ्यात बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतत असेल, तर आत क्षार साचलेच म्हणून समजा. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्याने तर लवकर. ठिबकच्या ड्रिपरवर जो पांढरा थर आपण पाहतो, तोच थर इंजिनाच्या आत बसतो. ठिबकला आपण आम्लाची प्रक्रिया करतो, इंजिनाला कोण करतो? म्हणून थंड गाडीचे रेडिएटरचे झाकण उघडून आत बोट फिरवा. रंगीत, स्वच्छ कूलंट असेल तर मालक जाणता होता. गंजाचे तांबडे पाणी किंवा वर तेलाचा तवंग दिसला, तर तेथूनच परत फिरावे. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये. उकळते पाणी तोंडावर येते.

धुळीबद्दल आपल्याला सांगायला नको. सोयाबीनची मळणी चालू असताना गाडी थ्रेशरजवळ उभी असते. एअर फिल्टर फाटका किंवा नीट न बसवलेला असला की ती धूळ पिस्टनच्या रिंगा घासते. मग इंजिन ऑईल पिऊ लागते आणि निळा धूर सोडते.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि आधी सांगून ठेवावे की आम्ही आल्याशिवाय चालू करू नका. बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागले तर कुणीतरी आधीच चालवून ठेवली आहे. थंड इंजिनाला सेल्फ मारल्यावर ते लवकर पकडते की रडते, हे कान देऊन ऐका. पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर थंडीत चालतो, पण इंजिन तापल्यावरही तो राहिला तर सिलिंडरमध्ये पाणी जात असल्याची किंवा इंजेक्टर बिघडल्याची शंका घ्यावी. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. कधी नुसता एअर फिल्टर चोंदलेला असतो, कधी इंजेक्टर गेलेले असतात.

मग चालू इंजिनावर ऑईल टाकायचे झाकण सैल करून उलटे ठेवा. थोडी वाफ येणे साहजिक आहे. पण झाकण नाचू लागले, उडून पडले, धुराचे लोट आले, तर समजा की इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते आहे, म्हणजे रिंगा-लायनर गेले. झाकणाच्या आत दुधाच्या सायीसारखा पांढरट थर जाड असेल, तर ऑईलमध्ये पाणी मिसळल्याची शंका घ्या. ऑईल काळे दिसले म्हणून मात्र घाबरू नका. डिझेल इंजिनाचे ऑईल काही दिवसांत काळे होतेच. दोन बोटांत चोळून पाहा, कच लागला तर वाईट. काही विकणारे आवाज दाबायला मुद्दाम घट्ट ऑईल भरतात, म्हणूनही थंड इंजिनाचा आवाज ऐकणे जरुरीचे.

चारांपैकी एक सिलिंडर मेला असला तरी गाडी चालते, ही खरी फसवी गोष्ट. रिकामी गाडी गावात फिरवून ते कळत नाही. थोडा माल भरून चढावर न्या. मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना राजूर घाट लागतो, त्यासारखी चांगली परीक्षा नाही. तापमानाचा काटा चढतो काय, ओढ कमी पडते काय, तेथे दिसते. खामगावात मोठ्या मिस्त्रीकडे चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. चारही आकडे जवळजवळ सारखे असावेत. एक फार खाली असेल तर तेथे रोग आहे.

जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका इंजेक्टरची नळी सैल करून मेलेला सिलिंडर ओळखतात. कॉमन रेल इंजिनात हे कुणालाही करू देऊ नका. तिथल्या नळीत हजार बारहून जास्त दाब असतो, आणि आपल्या टायरमध्ये चार-पाच. ते डिझेल कातडीत घुसते. अशा गाडीला संगणक लावूनच तपासावे.

यावरून गाडीच्या पिढीचा प्रश्न येतो. जुन्या पंपाचे इंजिन गावचा मिस्त्रीही उघडतो. बीएस-4 चे नियम 1 एप्रिल 2017 पासून देशभर लागू झाले; त्या काळातल्या कॉमन रेल गाड्या डिझेल कमी खातात, पण पाणी मिसळलेले डिझेल त्यांना अजिबात सोसत नाही. ड्रममधले शिळे डिझेल त्यांत ओतू नये आणि डिझेल फिल्टरखालचे पाणी वेळोवेळी सोडावे. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत बहुधा काजळी अडवणारी जाळी असते. ती मोकळी व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. नुसते शेत ते घर अशा फेऱ्या मारल्या की जाळी चोंदते आणि दिवा लागतो. तुमचे काम तेवढेच असेल, तर माझे मत बीएस-6 जुनी घेण्याच्या विरुद्ध आहे.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी हिशेब करा. रोज 60 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 18 हजार. आठ वर्षांत 1 लाख 44 हजार. मीटर 55 हजार दाखवत असेल तर सर्व्हिसची बिले मागा. ब्रेकच्या पायदानाचे रबर गुळगुळीत झाले आहे काय, तेही पाहा.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑईल आणि सर्व फिल्टर बदलावेत, कूलंट नवे भरावे. माल किती भरायचा ते आरसी बुकात कळते: भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. कापूस डोळ्यांना जास्त दिसतो, पण गाडी खरी मारतो तो कांदा आणि सोयाबीन. टर्बो असलेली गाडी घाट चढून आल्यावर लगेच बंद करू नये, मिनिटभर चालू ठेवावी.

कागदांचे थोडक्यात. इंजिनावर कोरलेला नंबर आरसीशी जुळवा. बोजा असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका; नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. मालवाहू गाडीचे फिटनेस आठ वर्षांनंतर दर वर्षी करावे लागते, त्याची तारीख पाहून घ्या. आणि मिस्त्री नेताना आपला न्यावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याला दिवसाची मजुरी द्यावी लागली तरी चालेल.