माहूर : देवदर्शन आणि स्थलदर्शन



नवरात्राचे दिवस आले की माहूरच्या वाटा यात्रेकरूंनी फुलून जातात. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक पूर्ण पीठ. भाविक एस.टी.ने पहाटे येतात, पायऱ्या चढून रेणुकामातेचे दर्शन घेतात, कुटलेल्या तांबुलाचा प्रसाद हातावर घेतात, दत्तशिखर आणि अनसूयामातेचे शिखर करतात आणि सायंकाळी परततात. त्यांची यात्रा सफल होते, यात शंका नाही. परंतु माहूर नावाचे जे प्राचीन गाव या शिखरांच्या कुशीत वसले आहे, ते बहुतेकांचे पाहावयाचे राहूनच जाते.

नांदेडपासून सुमारे १३० किलोमीटरवर, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर हा डोंगराळ प्रदेश आहे. राजधानीच्या शहरांत असतात तशी आखीव उद्याने येथे नाहीत. त्यांची उणीव सागवानाच्या वनाने भरून काढली आहे. फाल्गुनात याच वनात पळस फुलतो, तेव्हा डोंगरउतार केशरी होऊन जातात. पैनगंगेने तीन बाजूंनी वेढा दिलेल्या या भूमीवर किल्ला उभारला गेला, तो काही केवळ शोभेसाठी नव्हे. वऱ्हाड आणि तेलंगण यांच्या दरम्यानच्या प्रदेशावर नजर ठेवावयाची, तर माहूर हाती असावे लागे.

किल्ला दोन लगतच्या टेकड्यांवर पसरला आहे. हत्ती दरवाजातून आत शिरणाऱ्याला वाड्यांचे, मशिदीचे आणि कोठारांचे अवशेष दिसतात. गडाच्या मध्यभागी इंझाळा तलाव आहे. महाल ढासळला तरी तलावात पाणी साठते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावी. वेढा पडल्यावर गड लढतो तो तोफांवर जितका, तितकाच पाण्यावर आणि धान्यावर.

बहामनी राज्यात महमूद गावान याने प्रांतांची फेरमांडणी केली, तेव्हा वऱ्हाडचे दोन भाग पडले. एकाचे ठाणे गाविलगड आणि दुसऱ्याचे माहूर. पुढे मोगल अमदानीतही माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. येथील उदारामाच्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाई 'रायबागन' या पदवीने प्रसिद्ध आहे. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाचे सैन्य कोंडले गेले, तेव्हा शिवाजी महाराजांना शरण जाऊन सैन्याचे प्राण वाचवावेत, असा सल्ला तिने खानास दिल्याचे 'शिवभारत' सांगते. माहूरची एक स्त्री सेनानी सह्याद्रीच्या खिंडीत उभी होती, हे माहूर परिसरातील किती शाळकरी मुलींना ठाऊक असेल?

गडाहून जुनी अशी पांडवलेणी गावाजवळच आहेत. लोकांनी ती पांडवांच्या नावाने ओळखली, तरी अभ्यासक त्यांची घडण राष्ट्रकूटकालीन मानतात. वेरूळचे कैलास लेणे ज्या राजकुळाच्या काळात कोरले गेले, तेच हे राजकुळ. शिवाय महानुभाव पंथीयांचे देवदेवेश्वर येथे आहे, सोनापीर बाबांचा दर्गा येथे आहे आणि रेणुकेची पदे रचणारे कवी विष्णुदास याच गावी राहिले. इतक्या भिन्न परंपरा एका लहान गावात शेजारी नांदत आल्या, हेच माहूरचे खरे वैभव होय.

राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाचे वस्तुसंग्रहालयही माहुरात आहे. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी ते अखेरीस दाखवावे. गड आणि लेणी पाहून आलेल्या मुलांना तेथील शिल्पे परकी वाटत नाहीत. हा दगड कोठून आला असेल, असा प्रश्न ती आपणहून विचारू लागतात. लातूर जिल्ह्यातील मुलांनी औसा आणि उदगीर येथील भुईकोट पाहिलेले असतात. त्यांना खंदक ठाऊक असतो. येथे खंदकाचे काम नदी आणि दरी कशी करतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे आणि वहीत रेखाटावे.

मात्र हे सारे पुढील पिढीला दिसेलच, असे गृहीत धरता येत नाही. लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरली जातात. चिरे कुंपणासाठी उचलले जातात. शेतात नांगराला लागलेली मूर्ती शेंदूर फासून पारावर ठेवली जाते. यात भक्तिभाव असतो, परंतु शेंदराच्या थराखाली मूर्तीची घडण आणि तिच्यावरील लेख झाकला जातो. ती मूर्ती कोठे आणि कशी सापडली, याची नोंद राहिली नाही, तर इतिहासाचे एक पानच फाटते. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे. ग्रामसभेत हा नियम एकदा वाचून दाखविला आणि तलाठ्यामार्फत खबर तहसील कार्यालयात पोचविण्याची रीत घालून दिली, तर त्यासाठी पंचायतीला एक पैसाही खर्च येणार नाही.

आपल्या वारशाचे मोल जाणणे आणि त्याचे जतन करणे हे राज्यघटनेतील अनुच्छेद ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ साली हे कर्तव्य घटनेत समाविष्ट झाले. शासन पहारेकरी नेमू शकते, फलक लावू शकते. परंतु गडावरच्या प्रत्येक चिऱ्याजवळ पहारेकरी उभा करता येत नाही. तेथे गावाचेच डोळे हवेत.

रेणुकामातेच्या दर्शनास जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या यात्रेत अर्ध्या दिवसाची भर घालावी. देवीपुढे हात जोडावेत, आणि जेथे पूर्वजांचे हात राबले, ते गड आणि ती लेणीही डोळे भरून पाहावीत. माहूरची यात्रा तेव्हाच पुरी होईल.