हळू आवाजाची बाजू

घरातल्या एका खोलीत माइक उभा करून आवाज टिपणाऱ्या माझ्या सोबत्यांनो,

वास्कोतल्या या संमेलनाचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. श्रावणात दामोदराच्या देवळात 24 तास अखंड भजन चालतं, त्या गावात गळ्याविषयी बोलायला मिळणं हा मी माझा मान समजतो. अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. नव्या यंत्रांची, सॉफ्टवेअरची टिपणं मी काढली आहेत, ती छापील प्रतीत येतील. आज मला एकच गोष्ट बोलायची आहे. सोळा-सतरा वर्षं ती माझ्या मनात सलते आहे.

आपण हळू आवाजाचा जीव घेतो आहोत.

गाणारा एक ओळ स्वतःशीच म्हणावी तशी म्हणतो, पुढच्या ओळीला खडा सूर लावतो. आपण काय करतो? मोठा आवाज कॉम्प्रेसरनं दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो. त्याबरोबर पंखा वर येतो, कौलांवरचा पाऊस वर येतो, दाबोळीवरून उठलेलं विमानही वर येतं. आणि ऐकणाऱ्याला कळेनासं होतं, की सूर अलगद ठेवला होता की जोरानं टाकला होता.

2008 ची गोष्ट. पौषातला बायकांचा नाचगाण्याचा उत्सव, धालो, नुकताच संपला होता. त्या नाचाच्या मांडावर पहिली ओळ उचलणाऱ्या पेडण्याकडच्या एका आजींना मी वास्कोला घरी घेऊन आलो. खोलीला चिऱ्याच्या भिंती, त्यांवर दोरीला टांगलेल्या दोन गोधड्या, एक कंडेन्सर माइक. आजी पाटावर बसल्या. मांडीवरच्या पोराला सांगावं तशी पहिली ओळ आली. मी गेन वाढवला. दुसऱ्या ओळीला त्यांनी देवाला हाक घातली आणि आवाज फाटला. गेन उतरवला, तर पहिली ओळ ऐकूच येईना. तीन टेक वाया गेले. आजी कंटाळल्या आणि म्हणाल्या, बसून हे गाणं येत नाही. त्या उठून उभ्या राहिल्या.

उभ्या राहिल्याबरोबर त्यांची पावलं मांडावर पडतात तशी पडू लागली. वाकून पुढे, मग मागे. हळू ओळीला चेहरा माइकपासून वीतभर, हाकेच्या ओळीला दोन हात लांब. अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण 6 डेसिबलनं उतरते, हे आपण पुस्तकात वाचतो. त्या बाईंच्या पावलांना ते ठाऊक होतं. मी गेनच्या बटणावरून हात काढून घेतला. चौथा टेक अखेरपर्यंत स्वच्छ आला.

1902 मध्ये कोलकात्यात गायिका गोहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं, तेव्हा माइक नव्हता, कर्णा होता. त्या कर्ण्यासमोर गाणाऱ्यानंच तान मोठी झाली की मागे सरायचं आणि सूर नाजूक झाला की पुढे यायचं. 1925 पासून मुद्रणासाठी विजेचा माइक वापरात आला आणि हे काम यंत्राकडे गेलं. सोय झाली, हे मी नाकारत नाही. पण गाणाऱ्याच्या अंगातला तो अंदाज आपण पुसून टाकला.

आजींचा तो चौथा टेक मी एका प्रकाशकाकडे पाठवला. उत्तर आलं, लेव्हल सारखी नाही, सारखी करून द्या. मी दिली. हा माझा अपराध आहे. सीडी निघाल्यावर ती घेऊन मी आजींच्या घरी गेलो आणि पडवीत बसून त्यांना ऐकवली. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "पुता, ही हांव न्हय."

सकाळच्या परिसंवादात वाद झाला, की हळू आणि मोठ्या जागा वेगवेगळ्या ट्रॅकवर गाऊन घ्याव्या की एकाच टेकमध्ये. मी दोन्ही केलं आहे. डिचोलीच्या एका तरुण भजनी बुवांकडून मी अभंगाच्या चढ्या जागा वेगळ्या गाऊन घेतल्या. लेव्हल सुरेख आली, सूरही नेमका. पण आधीच्या हळू ओळीतून तो स्वर उठला नव्हता, त्यामुळे बुवा विनाकारण ओरडताहेत असं वाटत होतं. शेवटी पुन्हा सलग गायला लावलं. माझ्यापुरता तो वाद तिथं संपला.

दशावतारी नटाचा गळा मात्र निराळा. देवळाच्या अंगणात शेवटच्या माणसापर्यंत पोचायची त्याला सवय असते. त्याला कंडेन्सरसमोर उभं करून "जरा हळू" म्हणू नका. साधा डायनॅमिक माइक द्या, थोडा तिरका ठेवा आणि गाऊ द्या. सर्वांत मोठी जागा आधी गाऊन घ्या, ती उणे 10-12 डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवा. 24 बिटांत खाली जागा भरपूर असते, घाबरू नका. नंतर एखादा शब्द फारच बुडत असेल, तर फेडर हातानं हलवा, त्या शब्दापुरताच. वेळ लागतो. लागू दे.

पेडण्यातले, डिचोलीतले असे गळे आता थोडे उरले आहेत. त्यांची यादी व्हायला हवी, मूळ मुद्रणं एका जागी यायला हवीत. एक समिती नेमू. पैशांचं आणि जागेचं पुढच्या बैठकीत बोलू.

आजी आता नाहीत. त्यांचा तो चौथा टेक, काहीही न दाबलेला, मी आज सोबत आणला आहे. कृपया पंखे बंद करा. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या मित्राला माझी विनंती आहे, पहिली ओळ ऐकू आली नाही तरी आवाज वाढवू नका. मागे बसलेल्यांनी खुर्च्या पुढे ओढून घ्याव्या.