नाल्याचा हिशेब कोण मांडणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जंगलाच्या बाबतीत आपल्या चळवळीने आजवर प्रामुख्याने दोन प्रश्न विचारले : जंगल कोणाचे, आणि तोडीची मजुरी किती? दोन्ही रास्तच होते. तोड चालू असताना त्या जंगलातल्या नाल्याचे काय होते, हा तिसरा प्रश्न मात्र आपण तज्ज्ञांवर सोपवून मोकळे झालो.

पाणी कुऱ्हाडीने बिघडते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः अधिक दोष रस्त्याचा असतो. लाकूड डेपोपर्यंत नेण्यासाठी उतारावर कच्चे रस्ते काढले जातात, ओंडके ओढण्याच्या वाटा पडतात, ट्रक पात्रातूनच पार होतात. चाकांखाली दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. मृगाच्या सरींबरोबर ते चाकोऱ्यांतून धावत सुटते आणि माती घेऊन थेट नाल्यात उतरते. खालच्या गावच्या बोडीत साचतो तो हा गाळ. नाल्याच्या रेतीत झिरा खोदून पाणी भरणाऱ्या बाईच्या घागरीतही तोच येतो. माशांची अंडी त्याखाली गुदमरतात.

मोरी न बांधता ठेकेदाराने वाचवलेली रक्कम ही खरोखर बचत नव्हे. ती बोडी उपसणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि लांबून पाणी आणणाऱ्या स्त्रीच्या नावे टाकलेली असते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘बाह्य खर्च’ असे मोठे सोज्ज्वळ नाव आहे!

येथे आपल्या प्रचारातील एक ढिलाईही सांगितली पाहिजे. झाड तोडले की झरा लगेच आटतो, असे आपण सरसकट बोलतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रुक येथे १९६५ च्या अखेरीस १५.६ हेक्टरच्या एका पाणलोटातील सर्व झाडे तोडून जागीच ठेवली. रस्ता काढला नाही, आणि तणनाशक फवारून पुढे काही उगवू दिले नाही. पहिल्या वर्षी प्रवाह आटला तर नाहीच, उलट सुमारे ३९ टक्क्यांनी वाढला. पण त्या पाण्यातील नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेबाहेर गेले. आपल्या पानगळीच्या जंगलाला तो आकडा जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही पाणी किती आहे आणि कसे आहे, हे प्रश्न वेगळे आहेत, एवढे त्यातून निश्चित कळते.

नियम नाहीत असे नाही. वनखात्याच्या कार्य आयोजनांत निवड पद्धतीच्या तोडीसाठी नाल्याच्या दोन्ही काठांना २० मीटरचा पट्टा राखण्याची तरतूद जुनी आहे. हा पट्टा गाळ अडवतो, सावली देतो, काठ धरून ठेवतो. परंतु कागदावरची रेघ जमिनीवर कोण आखतो, आणि ती मोडली तर कोणाला जाब द्यावा लागतो?

ठेकेदाराच्या जागी जंगल कामगार सोसायट्या आल्या, १९७४ साली वनविकास महामंडळ आले. मालक बदलले, अंदाजपत्रकात नाल्याला क्वचितच जागा मिळाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र चित्र पालटले आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. आज अनेक ग्रामसभा बांबू स्वतः विकतात. त्याच कायद्याच्या कलम ५ ने पाणलोट व जलस्रोत राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला आहे. बांबूच्या दराबद्दल आपल्या सभा रात्ररात्र चालतात. कलम ५ चा विषय निघाला की मंडळी चपला शोधू लागतात.

ग्रामसभा विक्रेती झाली म्हणजे ट्रकची चाके हलकी होत नाहीत. उलट आता दोष देण्यास ठेकेदार उरलेला नाही. म्हणून बांबूच्या कामाच्या अंदाजपत्रकात मोरीचा खर्च आणि पावसापूर्वी वाटांवर आडवे चर खणण्याची मजुरी स्वतंत्र बाब म्हणून धरावी. ते रोजगाराचेच काम आहे. फांद्यापाल्याचा ढीग पात्रात पडू नये, यंत्राचे तेल पाण्याजवळ बदलू नये, अशी अट खरेदीदाराच्या करारात घालावी. इमारती लाकडाची तोड या हक्काबाहेर आहे. तेथे कूप सुरू होण्याआधी काठाचा पट्टा रंगाने दाखवून देण्याची मागणी लेखी करावी. आखणीच्या वेळी पाणी भरणाऱ्या बायका हजर असाव्यात. कोणता झिरा उन्हाळ्यात टिकतो हे त्यांनाच ठाऊक असते.

आणि पहिल्या जोराच्या पावसात काचेच्या दोन बाटल्या घेऊन जावे. एक कामाच्या वरच्या अंगाला भरावी, दुसरी खालच्या अंगाला. रात्रभर स्थिर ठेवून तळाचा गाळ ग्रामसभेपुढे ठेवावा आणि मगच त्या हंगामाची बिले मंजुरीस घ्यावीत.