कृत्तिकांचे वर्ष



उत्तर गोव्यात दोन पौर्णिमांचे माहात्म्य मोठे. आश्विनात पेडण्याची पुनव भरते, तेव्हा भगवती मंदिराचा परिसर भाविकांनी फुलून जातो. कार्तिकात डिचोली तालुक्यातील विठ्ठलापूर येथे त्रिपुरारी पौर्णिमा साजरी होते आणि वाळवंटीच्या पात्रात दिव्यांनी उजळलेल्या नौका तरंगू लागतात. आश्विनातला पूर्णचंद्र अश्विनी नक्षत्राच्या आसपास असतो, तर कार्तिकातला कृत्तिकांच्या. महिन्यांना ही नावे मिळाली ती त्यामुळेच.

कृत्तिका म्हणजे साध्या डोळ्यांना दिसणारा सहा-सात ताऱ्यांचा लहानसा पुंजका. पुराणांनी त्यांना कार्तिकेयाच्या सहा माता मानले. वैदिक वाङ्मयातील नक्षत्रगणना अश्विनीपासून नव्हे, तर कृत्तिकांपासून सुरू होते. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. कोकणातील मुरूडचे सुपुत्र शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात त्यावरून त्या वचनाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे असा काढला.

याच पुंजक्याला न्यूझीलंडमधील माओरी लोक ‘मातारिकी’ म्हणतात. मे महिन्यात सूर्याच्या तेजात लोपलेल्या कृत्तिका जून-जुलैत पहाटे पूर्वेला पुन्हा दिसतात, तेव्हा त्यांचे नवे वर्ष सुरू होते. तिकडे तो ऐन हिवाळा. ताऱ्यांच्या तेजावरून येत्या वर्षाचे भाकीत करतात, सरलेल्या वर्षातील मृतांची नावे घेऊन त्यांना निरोप देतात आणि शिजवलेल्या अन्नाची वाफ ताऱ्यांना अर्पण करतात. काही जमाती मात्र कृत्तिकांऐवजी मृगाजवळच्या ‘पुआंगा’ या ताऱ्याला मान देतात.

नेमक्या त्याच दिवसांत गोव्याचे आकाश मेघांनी झाकलेले असते. येथे मिरग लागलेला असतो. शेतकऱ्याचे डोळे ताऱ्यांकडे नव्हे, ढगांकडे लागलेले असतात. एकाच पुंजक्याचे पहाटेचे दर्शन त्यांच्या वाट्याला आले, तर आपल्या वाट्याला कार्तिकातील सायंकाळचे. उत्सवाचा मुहूर्त आकाशाइतकाच भूमीही ठरवते, ती अशी.

ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक प्रसंगी या कथेचा एक भाग विशेष मननीय वाटतो. वसाहतकाळात माओरींचे हे ज्ञान मावळत चालले होते. १८९८ साली एका माओरी जाणकाराने आपल्या मुलाच्या साहाय्याने ताऱ्यांची माहिती हाताने लिहून ठेवण्यास आरंभ केला. चारशे पृष्ठांचे ते बाड पुढे घरातल्या कपाटात जपले गेले. विद्यार्थीदशेतल्या नातवाने मातारिकीविषयी विचारले, तेव्हा आजोबांनी ते त्याच्या हाती ठेवले. तो नातू म्हणजे अभ्यासक रांगी मातामुआ. त्यांनी ते ज्ञान जगापुढे मांडले आणि २०२२ साली, २४ जून रोजी, मातारिकी ही प्रथमच राष्ट्रीय सुटी झाली.

कपाटातले बाड कपाटातच राहिले असते तर? पेडणे-डिचोलीतील वृद्ध शेतकरी व मासेमार यांच्या मुखी नक्षत्रे, वारे आणि भरती-ओहोटी यांविषयीचे जे ज्ञान आहे, त्याला तर अद्याप कागदाचाही आधार नाही. ग्रंथ जपणे हे ग्रंथालयाचे कार्य खरेच. पण जे ग्रंथात आलेलेच नाही ते एखाद्या वहीत उतरवून घेणे, हेही त्याचेच कार्य होय. त्या वहीचे पहिले पान याच वास्तूत लिहिले जावे.