खोकड आणि माणूस



छत्तीसगढी बोलीतला 'कोलिहा' म्हणजे मराठीतला कोल्हा, हे शब्दांच्या साम्यावरूनच कळते. खोकड मात्र निराळे. कोल्हा आठ-दहा किलो वजनाचा, तर खोकड दोन ते चार किलोंचे, काळ्या शेंड्याच्या झुपकेदार शेपटीचे. रायपूरच्या परिसरात धानाच्या खाचरांपलीकडे जी मुरमाड 'भाठा' जमीन असते, तशा उघड्या माळरानात अनेक तोंडांची बिळे करून राहणारा हा प्राणी. उंदीर, वाळवी, खेकडे, बोरे हे त्याचे अन्न. माणसाची चाहूल लागताच ते पळते, आणि ते पळते तोवर भय बाळगण्याचे कारण नाही.

न पळणाऱ्या खोकडाची गोष्ट वेगळी. नुसते दिवसा दिसले म्हणून ते आजारी ठरत नाही. परंतु जे अंगणात शिरते, झोकांड्या देते, काठीलाच चावते, त्याला पिसाळरोग झालेला असू शकतो. त्याला घेरून मारू पाहणारेच बहुधा चावा ओढवून घेतात. मुलांना व गुरांना आत घ्यावे, त्याची वाट मोकळी ठेवावी, वनखात्याला कळवावे. मेलेल्यालाही उघड्या हाताने शिवू नये. बिळाशी एकटी दिसणारी पिल्ले पोरकी नसतात. त्यांना उचलून घरी आणणे हे दयेचे कृत्य नव्हे.

भारतात हा रोग माणसाला मुख्यत्वे कुत्र्यापासून होतो. युरोपात तो दीर्घकाळ खोकडांच्या जातीने पसरवला. 1978 मध्ये स्वित्झर्लंडने कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस घालून ती रानात टाकली आणि पुढे तो आटोक्यात आला. इकडे अशी सोय नाही. इथे सारी भिस्त चावल्यानंतरच्या पहिल्या तासावर.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद काही भरू नये. रानटी प्राण्याचा चावा गंभीर मानून रुग्णालयात लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही देतात. बेंबीभोवतीच्या चौदा सुयांची धास्ती अजून वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस या शतकाच्या प्रारंभीच बंद झाली. आता मोजक्या सुया, त्याही दंडात. लक्षणे उमटल्यावर मात्र बहुतेक कोणी वाचत नाही, आणि ती उमटायला कित्येकदा महिने लागतात. मार बसेल या भीतीने मूल ओरखडा लपवते. त्याला रागावणे नंतर होईल. आधी नळाखाली न्यावे.