स्वस्त वडी, तुळतुळीत दाढी

दाढी केल्यावर गाल चरचरतो, गळ्यावर बारीक लाल पुरळ उठते, हनुवटीखाली हात फिरवला तर खुंट तसेच लागतात. असे झाले की आपण साबणाला नावे ठेवतो आणि पुढच्या वेळी दुकानातून महागडी ट्यूब किंवा फेसाचा डबा घेऊन येतो. साबणाची साधी, स्वस्त वडी चांगल्या दाढीला पुरते. उणे असते ते पाणी, आणि उणा असतो ब्रश फिरवायला दिलेला वेळ. आज मला हेच सांगायचे आहे.

आधी केसाचे पाहू. दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असेपर्यंत तो चांगलाच चिवट असतो. पाणी मुरले की तो फुगतो, मऊ पडतो, आणि मग पात्याला फारसा जोर लावावा लागत नाही. पाणी मुरायला दोन-तीन मिनिटे तरी जावी लागतात. म्हणून दाढीला सर्वांत चांगली वेळ आंघोळीनंतरची. आपल्याकडे पुष्कळ घरांत दाढी आधी आणि आंघोळ नंतर असा शिरस्ता आहे. तो मोडायचा नसेल तर चेहरा साबणाने धुऊन घ्यावा, म्हणजे केसांवरचा तेलकटपणा जातो. आणि मग गरम पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटे गालांवर धरावा. या पायरीला एक पैसाही लागत नाही आणि निम्मी दाढी इथेच सोपी होते.

आता साबण. अंगाच्या साबणाचा फेस भरभर येतो आणि भरभर बसतो. तो कॉस्टिक सोड्यापासून बनतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक ॲसिड भरपूर असते आणि सोड्याच्या जोडीला पोटॅशियमचा क्षारही वापरलेला असतो. त्यामुळे साबण पाण्यात लवकर विरघळतो आणि फेस दाट येतो, टिकून राहतो. वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत स्टिअरिक ॲसिड आणि पोटॅशियम ही दोन नावे दिसली, की वडी कामाची आहे असे समजायला हरकत नाही. सुगंध आणि सुबक डबी यांचे पैसे वेगळे. केस कापण्याशी त्यांचा संबंध नाही. अशी एक वडी नीट वाळवून ठेवली तर कित्येक महिने जाते.

फेस कसा करायचा, हे जरा सावकाश सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे. तोंड धुवायला जाण्यापूर्वी वडीवर चमचाभर गरम पाणी घालून ठेवा. ब्रशही पाण्यात भिजत ठेवा. परत आल्यावर वडीवरचे पाणी ओतून टाका आणि ब्रश दोन-तीनदा चांगला झटका. तो ओलसर हवा, निथळता नको. आता वडीवर ब्रश गोल फिरवा. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत मोठमोठे बुडबुडे दिसतील. बहुतेक जण इथेच थांबतात आणि तो पोकळ फेस गालाला लावतात. थांबू नका. अर्धा मिनिट, हवे तर आणखी थोडा वेळ फिरवत राहा. बुडबुडे नाहीसे होतात, ब्रशच्या केसांत दाट, चिकट लगदा भरतो, ब्रश किंचित जड लागतो. साबण ब्रशमध्ये आता कुठे पुरेसा आला.

मग ब्रश गालावर आणा. गोल फिरवा, ब्रशच्या टोकाला दोन-चार थेंब पाणी लावा, पुन्हा फिरवा. असे तीन-चार वेळा करा. पाणी एकदम ओतले तर फेस पातळ होऊन ओघळतो. थेंबाथेंबाने दिले तर साबण ते सामावून घेतो. हळूहळू फेसाला चमक येते आणि तो घोटलेल्या दह्यासारखा दिसू लागतो, एकही बुडबुडा न दिसणारा. चिमटीत घेऊन बोटे एकमेकांवर घासून पाहा. बोटे घसरली पाहिजेत. अडली तर पाणी कमी आहे, आणखी दोन थेंब द्या. गालावर एका जागी फेस कोरडा, पांढराफटक दिसत असेल तरी हेच करा. या सगळ्याला दीड-दोन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात ब्रश खुंट उभे करतो आणि पाणी त्यांच्या मुळाशी पोचवतो.

एवढे करूनही फेस येत नसेल तर नळाकडे पाहा. आपल्या दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. बादलीला पांढरा थर बसतो, डाळ शिजायला वेळ लागतो, ही त्याची खूण. अशा पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि न विरघळणारा चोथा तयार होतो. साबण वाया जातो, फेस उठत नाही. उकळून, निवळून घेतल्याने काही प्रकारचा जडपणा जातो, सगळा जात नाही. त्यापेक्षा घरात आरओचे पाणी असेल तर अर्धी वाटी घ्या. पावसाळ्यात स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी घ्या. दाढीला पाणी लागते किती? अर्धी वाटी पुरते. चूळ भरायला, तोंड धुवायला नळाचे पाणी आहेच.

पात्याबद्दल थोडक्यात. किंग जिलेट यांना त्यांच्या सेफ्टी रेझरचे पेटंट अमेरिकेत १९०४ साली मिळाले. दुधारी पात्याचे ते साधे यंत्र आजही बाजारात मिळते, आणि कुठल्याही कंपनीचे दुधारी पाते त्यात बसते. पाते कातडीशी साधारण ३० अंशांच्या कोनात धरा. दाबू नका, यंत्राचे वजन पुरते. पहिला हात केसांच्या दिशेने मारा. पुन्हा फेस लावा आणि दुसरा हात आडवा मारा. उलटा हात ज्यांची कातडी सोसते त्यांनीच मारावा. गळ्यावरचे केस कुठे खाली, कुठे बाजूला वळलेले असतात. आधी बोटांनी चाचपून घ्या. पाते ओढल्यासारखे वाटू लागले, की ते बदला. साबणावर वाचलेले पैसे इथे खर्च करा.

शेवटी थंड पाण्याने तोंड धुऊन तुरटीचा ओला खडा फिरवा. बारीक काप गेला असेल तर रक्त थांबते. जिथे जास्त झोंबेल तिथे हात जड पडला होता, हे तुरटीच सांगते. मिनिटभराने चेहरा पुन्हा धुवा. ब्रश स्वच्छ धुऊन केस खाली करून टांगा, वडीवरचे पाणी काढून ती उघडी वाळू द्या.

श्रोतेहो, महागड्या फेसाच्या डब्याकडे हात जाण्यापूर्वी घरातल्या स्वस्त वडीला एक आठवडा द्या. रोज दोन मिनिटे जास्त आणि थेंबाथेंबाने पाणी, एवढेच करा. आठवड्याच्या शेवटी गालावरून हात फिरवा आणि मग ठरवा. कातडीवर जखम, फोड किंवा चिघळलेले पुरळ असेल तर मात्र दाढी थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.